विश्लेषण : शेवटची कात टाकली, की कीटकांचे पंख काही मिनिटांत कसे फुलतात? कोकणातल्या आंब्या-माडाशी त्याचा काय संबंध?

पावसाची पहिली मोठी सर कोसळली, की मालवण किनाऱ्यावरच्या तोंडवलीत संध्याकाळी ओटीवरचा दिवा मालवावा लागतो. वाळवीची पंखवाली पाखरे दिव्याभोवती झुंबड करतात आणि सकाळी अंगणात नुसत्या पंखांचा सडा पडलेला असतो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची कालावल खाडी आणि मधल्या पट्टीत माड, सुरू, आंबा व भाताची खाचरे, असे हे गाव. सी वर्ल्ड प्रकल्पामुळे तोंडवली-वायंगणीचे नाव राज्यभर चर्चेत आले. गावातली मोठी उलाढाल मात्र आजही माड, आंबा आणि मासळीवरच चालते. यांतल्या पहिल्या दोघांचे बरेवाईट ठरवण्यात कीटकांचा वाटा मोठा असतो. कीटक पंखवाला झाला, की त्याचे बागेतले स्थान बदलते आणि तो आवरणेही अवघड होते. हे पंख येतात कसे, ती प्रक्रिया बिघडली तर काय होते आणि बागायतदाराने त्यातून काय घ्यावे, याचा आढावा.

पंख कुठून येतात?

कीटकाच्या अंगाबाहेर कवच असते. हे कवच वाढत नाही, त्यामुळे वाढायचे तर जुने कवच टाकून नवे घ्यावे लागते. यालाच कात टाकणे म्हणतात. बहुतेक कीटकांना उडता येणारे पंख शेवटची कात टाकल्यावरच मिळतात आणि त्यानंतर ते पुन्हा कधीच कात टाकत नाहीत. अपवाद फक्त मेफ्लाय या पाण्याकाठच्या अल्पायुषी कीटकांचा. ते पंख आल्यावरही आणखी एकदा कात टाकतात.

पंख तयार होण्याचे दोन मार्ग आहेत. फुलपाखरू, पतंग, भुंगा, माशी यांच्यात अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. त्यांचे पंख अळीच्या शरीरात दडलेल्या पेशींच्या चकत्यांपासून कोषात घडतात. तुडतुडे, चतुर, टोळ, वाळवी यांच्यात कोष नसतो. त्यांच्या पिल्लांच्या पाठीवर पंखांचे छोटे कोंब दिसतात आणि प्रत्येक कातीगणिक ते थोडे मोठे होतात. दोन्ही मार्गांनी आलेला कीटक अखेर एकाच ठिकाणी पोहोचतो. जुन्या कातीतून तो बाहेर येतो तेव्हा त्याचे पंख ओले, मऊ आणि घड्या पडलेले असतात. पॅराशूट पिशवीत कोंबून ठेवावे तसे.

फुलतात म्हणजे नेमके काय होते?

पंखात स्नायू नसतात. पंख हलवणारे स्नायू छातीत असतात आणि घडी उघडण्याच्या कामी ते येत नाहीत. हे काम होते दाबाने.

कातीतून बाहेर आलेला कीटक आधी उभी किंवा लोंबती जागा शोधतो आणि स्थिर होतो. मग तो हवा गिळू लागतो. गिळलेली हवा अन्ननलिकेत साठते आणि शरीर आतून ताणले जाते. त्याच वेळी पोटाचे स्नायू आवळले जातात. कीटकांचे रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, आपल्यासारखे बंद नळ्यांतून फिरत नाही, ते शरीराच्या पोकळीत मोकळे असते. त्यामुळे पोट आवळले, की हे रक्त छातीकडे आणि तिथून पंखांच्या शिरांत ढकलले जाते. शेतात सपाट अंथरलेला कापडी पाइप मोटर सुरू होताच गोल होऊन सरळ होतो, तसेच काहीसे इथे घडते. शिरा ताठ होत जातात आणि त्यांच्याबरोबर मधला पडदा ओढला जाऊन पसरतो.

फुलपाखराचे पंख साधारण १० ते २० मिनिटांत पूर्ण पसरतात. फळमाशीला आणखी कमी वेळ पुरतो. चतुराला मात्र जास्त वेळ लागतो, कारण त्याचे पंख लांब असतात आणि त्यांत शिरांचे दाट जाळे असते. फुलपाखरू या काळात बहुतेकदा पंख खाली लोंबतील अशा बेताने टांगून घेते. गुरुत्वाकर्षणाचीही त्याला मदत होते आणि पंख कशाला टेकत नाहीत.

फुगलेला पंख सपाट आणि कडक कसा होतो?

पंख रक्ताने नुसता फुगला असता तर त्याचा फुगा झाला असता आणि फुग्याने उडता येत नाही. पंख ही वरून-खालून दोन थरांची पिशवी असते आणि तिच्या आतल्या पेशी या दोन थरांना धरून ठेवतात. पंख पसरताना त्या थरांना अतोनात दूर जाऊ देत नाहीत. पंख पूर्ण पसरला, की या पेशींचे काम संपते. त्या मरतात, सुटतात आणि त्यांचे अवशेष छातीकडे ओढून घेतले जातात. यासाठी छातीत छोटे पंप असतात, त्यांना पंखांचे हृदय म्हणतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फळमाशीवरच्या संशोधनात हे पंप नसलेल्या माश्या तपासल्या गेल्या. त्यांच्या पंखांतला गाळ निघालाच नाही, पंख अपारदर्शक राहिले आणि माश्यांना उडता आले नाही.

आतली जागा रिकामी झाली, की दोन थर एकमेकांना चिकटतात आणि मग कडक होऊ लागतात. कवचातली प्रथिने रासायनिक दुव्यांनी एकमेकांत गुंफली जातात, रंग गडद होतो आणि ताकद येते. चामडे कमावताना जे घडते, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे. उडण्याइतके बळ यायला फुलपाखराला त्यानंतर एक-दोन तास किंवा अधिक लागतात. तोवर कीटक फिकट, मऊ आणि असहाय असतो. पक्षी, सरडे, कोळी, मुंग्या यांच्यासाठी ही आयती मेजवानी.

पूर्ण तयार झालेला पंख नखासारखा निर्जीव असतो, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. शिरांमधून रक्त वाहत राहते, त्यांत मज्जातंतू आणि श्वासनलिका असतात. कोलंबिया आणि हार्वर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की फुलपाखरे पंखातल्या तापमानाची जाणीव ठेवतात आणि पंख जास्त तापू लागला तर बसण्याची दिशा बदलतात. शिरांच्या मधल्या पातळ पडद्यात मात्र दुरुस्ती करणाऱ्या पेशी उरत नाहीत. म्हणूनच फाटलेला पंख भरून येत नाही.

हे सगळे सुरू करण्याचा हुकूम कोण देतो?

संप्रेरके. कात टाकण्याची वेळ ठरवणाऱ्या संप्रेरकांची एक साखळी असते आणि तिच्या शेवटच्या टप्प्यावर काम करते ते ‘बर्सिकॉन’. १९६२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गॉटफ्रीड फ्रँकेल आणि कॅथरीन ह्सिआओ यांनी माश्यांवर एक साधा प्रयोग केला. कोषातून नुकत्याच निघालेल्या माशीच्या मानेला त्यांनी दोरा आवळून बांधला. डोक्याकडून येणारा संदेश अडला आणि माशीचे अंग फिकट व मऊच राहिले. मग कडक होण्याच्या बेतात असलेल्या दुसऱ्या माशीचे रक्त तिला टोचले, तेव्हा ती गडद झाली. म्हणजे हुकूम रक्तातून येत होता. या द्रव्याचे नावही चामडे कमावण्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून पडले. ते दोन प्रथिनांच्या जोडीने बनते, हे कळायला मात्र २००४-०५ साल उजाडले.

याच संशोधनातून पुढे आलेली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मातीत कोषातून निघालेली माशी वर येण्यासाठी माती उकरत असते, तोपर्यंत हा हुकूम सुटत नाही. मोकळ्यावर येईपर्यंत पंख घडीतच राहतात. अडचणीच्या जागेत ठेवलेली फळमाशीही पंख पसरणे लांबणीवर टाकते. जागा मिळेपर्यंत थांबण्याची ही सोय आहे, कारण एकदा कडक झालेला पंख पुन्हा मऊ करता येत नाही.

प्रक्रिया चुकली तर?

पंख पसरत असताना कीटक खाली पडला, त्याला लोंबायला जागा मिळाली नाही, कुणी हात लावला किंवा हवा इतकी कोरडी असली की पंख पसरण्याआधीच सुकले, तर पंख चुरगळलेलेच राहतात. रोगामुळेही तसे होते. मधमाश्यांमधला पंख विकृत करणारा विषाणू हे त्याचे ठळक उदाहरण आहे. व्हरोआ या कोळीवर्गीय परजीवीमार्फत तो कोषातल्या माशीपर्यंत पोहोचतो. अशी माशी पेटीतून बाहेर येते तेव्हा तिचे पंख सुरकुतलेले असतात, ती उडू शकत नाही आणि फार जगतही नाही. मधुपेट्या ठेवणाऱ्यांना पेटीसमोर अशा माश्या सरपटताना दिसल्या, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

फुलपाखराच्या ‘संघर्षा’ची गोष्ट खरी आहे का?

व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते. एका माणसाला कोषातून बाहेर पडण्यासाठी धडपडणाऱ्या फुलपाखराची दया येते, तो कात्रीने कोष कापतो आणि फुलपाखरू जन्मभर पांगळे राहते. कोषाच्या अरुंद छिद्रातून पिळून निघताना शरीरातला द्रव पंखांत जातो आणि ती संधी त्याने हिरावली, असे स्पष्टीकरण सोबत असते.

यातला सल्ला बरोबर आहे, कारण चुकीचे आहे. द्रव पंखांत जातो तो छिद्रात अंग पिळले गेल्याने नव्हे. बाहेर येऊन टांगून घेतल्यावर कीटक स्वतःच पोट आवळून तो पंखांत ढकलतो. कोष कापू नये, याची कारणे वेगळी आहेत. आतला कीटक अजून तयार नसेल, कात्रीने इजा होऊ शकते आणि हाताळणीत तो खाली पडू शकतो. बाहेर आल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास त्याला निवांत जागा मिळणे अधिक निर्णायक असते.

आंबा बागायतदाराला याचा उपयोग काय?

आंब्यावरचे तुडतुडे मोहोराचा आणि कोवळ्या पालवीचा रस शोषतात. त्यांनी टाकलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते, मोहोर गळतो, फळे काळवंडतात. तुडतुड्याला कोषावस्था नसते. पिल्ले टप्प्याटप्प्याने कात टाकत मोठी होतात आणि शेवटच्या कातीनंतर पंखवाली होतात. पिल्लू उड्या मारते, पण उडत नाही, त्यामुळे त्याचा वावर झाडापुरता राहतो. पंख आले, की तोच कीटक शेजारच्या कलमावर आणि शेजारच्या बागेतही जातो.

आंब्यावर तुडतुड्यांसाठी शिफारस असलेल्या कीटकनाशकांमध्ये बुप्रोफेझिन हे नेमके कात टाकण्याच्या प्रक्रियेवर घाला घालते. नवे कवच ज्यापासून बनते ते कायटिन हे औषध तयार होऊ देत नाही. पिल्लू कात टाकायला जाते आणि तिथेच मरते. पंखवाल्या तुडतुड्याला पुन्हा कात टाकायचीच नसते, त्यामुळे त्याच्यावर या औषधाचा थेट मारक परिणाम फारसा होत नाही. तुडतुडे उडताना दिसू लागल्यावर हे औषध फवारले, तर पैसे आणि मजुरी बऱ्याच अंशी वाया जाते. उलट मोहोरावर पिल्ले दिसत असताना केलेली फवारणी पुढची पंखवाली पिढी रोखते. इतर गटांतल्या औषधांचे काम मज्जासंस्थेवर चालते, त्यामुळे ती पिल्ले आणि प्रौढ दोघांवर लागू पडतात. कोणते औषध कोणत्या टप्प्यावर वापरायचे, यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक पाहावे. त्यात फवारण्यांचा क्रम दिलेला असतो. तो का पाळायचा, याचे एक उत्तर कीटकाच्या कातीत आहे.

आणि माडाला?

माडाचा मोठा शत्रू म्हणजे गेंड्या भुंगा. तो माडाच्या कोवळ्या कोंबात शिरून आतला भाग खातो. पुढे पान उघडते तेव्हा त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. हे नुकसान फक्त पंखवाला प्रौढ भुंगा करतो. त्याची जाडजूड पांढरी अळी माडाला हातही लावत नाही. ती शेणखताच्या खड्ड्यात, म्हणजे कोकणातल्या गायरीत, किंवा कुजलेल्या माडाच्या खोडात काही महिने वाढते आणि तिथेच कोषात जाते. कोषातून निघालेला भुंगाही लगेच उडत नाही. अंग आणि पंख कडक होईपर्यंत तो काही दिवस आतच बसून राहतो.

म्हणजे हा शत्रू आयुष्याचा मोठा भाग एका ठरावीक खड्ड्यात, बिनपंखी अवस्थेत काढतो आणि त्या काळात तो सहज सापडतो. उडाल्यावर मात्र त्याला उंच माडाच्या शेंड्यावर आकडीने ओढून काढावे लागते. म्हणूनच पावसाआधी गायरी उपसून अळ्या व कोष वेचणे, खतात मेटारायझियम या हिरव्या बुरशीचा वापर करणे आणि पडलेली खोडे कुजत न ठेवता त्यांची विल्हेवाट लावणे हे उपाय सुचवले जातात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर अनेक माड आडवे झाले होते. अशी खोडे जागीच कुजत राहिली, तर ती भुंग्याची पाळणाघरे होतात. कामगंध सापळे उपयोगी आहेत, पण त्यांत सापडतो तो पंख आलेला भुंगा.

इथे पावसाच्या वेळापत्रकाचा प्रश्न येतो. तळकोकणात मान्सून एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. २०२५ मध्ये तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला. गायरी उपसण्याचे काम अनेक जण मेअखेरीवर ढकलतात. असा लवकर पाऊस आला, तर ते काम राहूनच जाते आणि खड्ड्यातले भुंगे निर्धास्तपणे उडून जातात. पावसाचा भरवसा कमी होत असेल, तर हे काम एप्रिलमध्येच उरकणे शहाणपणाचे.

भुंगा रोज पंख उघडतो-मिटतो, मग ते वेगळे कसे?

भुंग्याचे उडण्याचे पंख पाठीवरच्या कडक ढापणांखाली घडी करून ठेवलेले असतात आणि तो ते वारंवार उघडतो. ही आयुष्यभर चालणारी उघडझाप आहे. तिथे रक्ताच्या दाबाने पंख ‘घडत’ नाही, घडलेला पंख फक्त उलगडतो. २०२४ मध्ये स्वित्झर्लंड आणि दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी गेंड्या भुंग्याच्याच कुळातल्या एका आशियाई भुंग्याचा अभ्यास ‘नेचर’ नियतकालिकात मांडला. पंख उघडण्यासाठी त्याला वेगळे स्नायू लागत नाहीत. ढापणे उचलली जाताच पंख अंशतः सुटतात आणि फडफडीच्या जोराने पूर्ण उघडतात, असे त्यांना आढळले. तोच गुण घेऊन त्यांनी पंख मिटणारा छोटा उडता रोबोही बनवला.

शत्रूंचे झाले, मित्रांचे काय?

पावसाळ्यात खाचरांवर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर अनेकदा ‘वाँडरिंग ग्लायडर’ या जातीचे असतात. त्यांची पिल्ले साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतात आणि तिथे डासांच्या अळ्याही खातात. वाढ पूर्ण झाली, की पिल्लू गवताच्या काडीवर किंवा भाताच्या ताटावर चढते, कात टाकते आणि पंख पसरते. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात. एका काडीवर तासाभरात घडलेले पंख हा प्रवास करतात.

त्या काडीला पर्याय नाही. तळ्याला चारही बाजूंनी गुळगुळीत काँक्रीटची भिंत घातली, काठचे गवत मुळापासून काढले किंवा साचलेले पाणी पिल्ले वाढण्याआधीच काढून टाकले, तर पिल्लाला चढायला आणि लोंबायला जागा उरत नाही. किनाऱ्यावर पर्यटनासाठी काही बांधताना, तळी-विहिरींचे सुशोभीकरण करताना काठावर थोडी झुडपे आणि गवत राखणे हा त्यावरचा अगदी स्वस्त उपाय आहे.

घरी कोष दिसला तर काय करावे?

कढीपत्ता किंवा लिंबाच्या झाडावर मॉरमॉन कुळातल्या फुलपाखरांचे कोष अनेकांच्या परसात सापडतात. याच कुळातल्या ब्लू मॉरमॉनला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. कोष काळसर पडून आतले पंखांचे रंग दिसू लागले, की फुलपाखरू साधारण दिवसभरात बाहेर येते.

अशा वेळी कोष हलवू नये. फांदी तुटलीच असेल, तर ती उभी बांधून ठेवावी आणि खाली मोकळी जागा राहू द्यावी. बाहेर आलेल्या फुलपाखराला निदान दोन-तीन तास हात लावू नये, फोटोसाठी फुंकर मारू नये, पंखा लावू नये. पंख पसरल्यावर ते लालसर द्रवाचे थेंब टाकते. ते रक्त नसून कोषातल्या काळातला साठलेला मळ असतो, घाबरू नये. ते पंख हळूहळू उघडझाप करू लागले, की निघण्याची वेळ झाली असे समजावे. दोन-तीन तासांनंतरही पंख चुरगळलेले राहिले, तर ते सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. पंख एव्हाना कडक झालेले असतात आणि ओढले तर फाटतात.